वारं गेलं, पण कुठून?

एखाद्याचा हातपाय अचानक लुळा पडला, की आपल्याकडे म्हणतात, ‘अंगावरून वारं गेलं.’ आमच्या घरात त्याच दुखण्याला ‘फालिज’ म्हणत. शब्द अरबी, मुळात अर्थ दुभंगणे. मराठीतला ‘अर्धांगवायू’ही तसाच. चरकसंहितेने हा विकार वातव्याधींत मोजला. जे दिसले, ते या भाषांनी नेमके टिपले. कारण मात्र कवटीच्या आत दडलेले होते.

१६५८ मध्ये योहान याकोब वेपफर या स्विस वैद्याने शवविच्छेदन करून मेंदूतला रक्तस्राव दाखवला. रक्तवाहिनी तुंबूनही झटका येतो, हेही त्याने मांडले. पण हे कळायचे मृत्यूनंतर. जिवंत माणसाच्या मेंदूत डोकावायला १९७१ साल उजाडले. त्या वर्षी गॉडफ्रे हौन्सफिल्ड यांच्या यंत्राने लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन काढला.

१९९५ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीने गुठळी विरघळवणारे औषध उपयोगी ठरवले. हेच औषध रक्तस्रावाच्या रुग्णाला दिले, तर जिवावर बेतते. मुंबईत २००५-०६ मध्ये डॉ. पी. एम. दलाल आणि सहकाऱ्यांनी पाहणी केली. पहिलाच झटका आलेल्या ४५६ जणांपैकी पाचांत सुमारे चार जणांना रक्तपुरवठा तुटल्याने झटका आला होता. उरलेल्यांत बहुतेकांना रक्तस्राव होता. वरून दोघेही सारखेच दिसतात. तोंड वाकडे, जीभ जड, हात खाली.

म्हणून आता शास्त्रज्ञ रक्तालाच विचारू लागले आहेत. मेंदूतल्या पेशींत जीएफएपी नावाचे प्रथिन असते. रक्तस्रावात त्या पेशी झटपट फुटतात आणि ते लवकर रक्तात उतरते. गुठळी असेल तर सावकाश. बीएनपी वाढले, तर गुठळी हृदयातून आली असावी, असा संशय येतो. डी-डायमर फारच चढले, तर कुठे कर्करोग लपला आहे का, हेही डॉक्टर पाहतात. हे महत्त्वाचे, कारण सगळ्या तपासण्या होऊनही कित्येकांचे कारण सापडत नाही. आणि कारण कळले नाही, तर दुसरा झटका कसा अडवायचा?

मात्र या चाचण्यांनी अजून स्कॅनची जागा घेतलेली नाही. गुठळीचे ते औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मीरा-भाईंदरला राहणाऱ्याला काशीमिऱ्याची वाहतूक कोंडी ठाऊक आहे; त्यातला अर्धा तास तिथेच जातो. उरलेला आपण घरी घालवतो. कुणी तेल चोळतो, कुणी कबुतराचे रक्त लावतो, कुणी शेजारधर्म म्हणून अ‍ॅस्पिरिन पुढे करतो. रक्तस्राव असेल, तर तीच गोळी घात करील.

तेव्हा श्रोतेहो, यातले काहीही करू नका. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ कागदावर लिहा, १०८ ला फोन करा आणि जिथे स्कॅन होतो, अशाच रुग्णालयात न्या. डॉक्टर पहिला प्रश्न त्या वेळेचाच विचारतील.