गौरी देशपांडे : दोन इतिहासांत विभागलेली लेखिका

आमच्या सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याहून लोणंदमार्गे पूर्वेकडे गेले की फलटण लागते. फलटणजवळच्या विंचुर्णीचे नाव मराठी वाचकांच्या ओठी आले ते गौरी देशपांडे यांच्या ‘विंचुर्णीचे धडे’ (१९९६) या पुस्तकामुळे. त्यांच्याविषयीचे लेखन वाचताना मला एक गोष्ट खटकत आली आहे. भारतीय इंग्रजी कवितेचा इतिहास त्यांना कवयित्री म्हणून ओळखतो, मराठी साहित्याचा इतिहास कथा-कादंबरीकार म्हणून. भाषांतरकार गौरी देशपांडे मात्र दोन्हीकडे तळटिपेत जातात. माझ्या मते या दोघींना जोडणारा दुवा त्या तळटिपेतच आहे.

त्यांचा जन्म १९४२ सालचा, पुण्याचा. महर्षी कर्वे आजोबा, इरावती कर्वे आई. इरावतीबाईंनी ‘युगान्त’ मराठीत लिहिले आणि त्याचे इंग्रजी रूपही स्वतःच सिद्ध केले. थोरली बहीण जाई निंबकर यांनी फलटणला राहून इंग्रजी कादंबऱ्या लिहिल्या आणि मॅक्सीन बर्नसन यांच्याबरोबर मराठीचे व्याकरण इंग्रजीत रचले. म्हणजे दुसरी भाषा या घरात पाहुणी नव्हती.

आता गौरीबाईंच्या पुस्तकांच्या तारखा ओळीने लावून पाहू. ‘बिटवीन बर्थ्स’ (१९६८), ‘लॉस्ट लव्ह’ (१९७०) आणि ‘बियॉन्ड द स्लॉटरहाउस’ (१९७२) हे तीन इंग्रजी कवितासंग्रह. त्यानंतर सत्तरीच्या दशकातच रिचर्ड बर्टनच्या ‘अरेबियन नाइट्स’चे मराठी भाषांतर. आणि १९८० मध्ये ‘एकेक पान गळावया’.

हा क्रम मला बोलका वाटतो. बर्टनची इंग्रजी मुद्दाम जुनाट वळणाची, आणि मजकूर शृंगार, थट्टा, शिवराळपणा या कशालाही न लाजणारा. तो मराठीत आणायचा तर पांढरपेशा संकोच बाजूला ठेवणारी, तरीही सवंग न होणारी भाषा हवी. खंडामागून खंड अशी भाषा घडवल्यावर लेखणी पूर्वीची राहत नाही. त्यांच्या नायिका पुढे शरीर, इच्छा, वय, कंटाळा यांविषयी ज्या सहजतेने बोलतात, तिची तालीम इथे झाली असावी, असा माझा तर्क आहे.

उलट दिशेचे कामही तितकेच मोलाचे. सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ इंग्रजीत नेताना त्याच्या शीर्षकाचे शब्दशः भाषांतर झाले नाही. ‘अँड पाइन फॉर व्हॉट इज नॉट’ हे शेलीच्या कवितेतले शब्द शीर्षक झाले. मराठी शीर्षकातली हुरहुर इंग्रजी वाचकाला त्याच्याच काव्यपरंपरेतून भेटली.

कोलकात्याच्या अमिता बोस यांनी रुमानियन कवी एमिनेस्कू बंगालीत आणला. त्यांची ओळख भाषांतरकार हीच राहिली. गौरी देशपांडे यांच्या बाबतीत स्वतंत्र लेखनाने भाषांतर झाकले गेले.

१ मार्च २००३ रोजी त्या गेल्या. आपल्या विद्यापीठांत त्यांची इंग्रजी कविता इंग्रजी विभागात आणि कादंबरी मराठी विभागात शिकवली जाते. एखाद्या अभ्यासकाने ‘लॉस्ट लव्ह’, ‘अरेबियन नाइट्स’चा एक खंड आणि ‘एकेक पान गळावया’ एकाच टेबलावर ठेवून वाचावे. माझा तर्क टिकतो की नाही, ते तिथेच ठरेल.