लंकेच्या लढाईची अवघड आठवण

इगतपुरी लष्करी इतिहासात येते ती रणभूमी म्हणून नव्हे, तर रणभूमीकडे जाणाऱ्या आणि तिथून परतणाऱ्या माणसांच्या वाटेवरचे ठाणे म्हणून. कसारा ते इगतपुरी हा थळ घाटातला लोहमार्ग १८६५ साली वाहतुकीस खुला झाला. त्याची चढण ३७ फुटांमागे एक फूट इतकी तीव्र असल्याने गाडीला मागून रेटा देणारी जादा इंजिने, रेल्वेच्या बोलीतले 'बँकर', कसाऱ्याला जोडली जात आणि इगतपुरीला सोडवली जात. मुंबई बंदरात उतरून देवळालीच्या छावणीकडे निघालेल्या पलटणींना या घाटातूनच वर चढावे लागे. पुढे देवळालीत तोफखान्याचे प्रशिक्षण विद्यालय आणि नाशिकरोडला तोफखान्याचे केंद्र उभे राहिले, तेव्हा स्वतंत्र भारताच्या सैन्याचीही ही नित्याची वाट झाली.

या वाटेने गेलेल्यांपैकी कोणाच्या आठवणी समाजाने जपल्या आणि कोणाच्या बाजूला पडल्या, हे पाहू लागले की एक गोष्ट ध्यानात येते. सैनिकाची आठवण केवळ त्याच्या शौर्यावर टिकत नाही; ज्या युद्धात तो लढला त्या युद्धाविषयी मागे राहिलेल्यांचे काहीएक एकमत असावे लागते. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने महाराष्ट्रातील अनेक गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या, त्यांवर गावातून किती माणसे महायुद्धास गेली आणि किती कामी आली एवढाच हिशेब असे, नावे नसत. परक्यांसाठी लढलेल्या त्या युद्धाला गावाच्या मनात जागा मिळाली नाही आणि पाट्या चावडीच्या भिंतीत तशाच राहिल्या. उलट १९७१ चे युद्ध घरोघरी सांगितले गेले. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनने, म्हणजे 'जंगी पलटणी'ने, त्या डिसेंबरात बांगलादेशातील जमालपूर जिंकले, ही कथा निवृत्त जवान आजही ताठ मानेने सांगतात. त्याच पलटणीने सोळा वर्षांनी श्रीलंकेत जाफन्याची लढाई लढली, आणि ती गोष्ट मात्र आवाज खाली आणून सांगितली जाते.

या दुसऱ्या लढाईचा उगम शांततेच्या करारात होता. श्रीलंकेतील सिंहली बहुसंख्याकांचे सरकार आणि स्वतंत्र तमिळ राज्य मागणाऱ्या संघटना यांच्यातील यादवी थांबवण्यासाठी २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला. त्यानुसार भारताने जी फौज पाठवली तिला 'भारतीय शांती सेना' म्हटले गेले. जवानांच्या तोंडी मात्र 'आयपीकेएफ' हीच इंग्रजी अक्षरे बसली. तमिळ बंडखोरांची शस्त्रे जमा करून घेणे हे तिचे काम होते. ज्या संघटनांना आधी भारतातच प्रशिक्षण मिळाले होते, त्यांपैकी सर्वांत बलाढ्य असलेल्या 'एलटीटीई'ने, म्हणजे तमिळ वाघांनी, शस्त्रे खाली ठेवली नाहीत, आणि ऑक्टोबर १९८७ मध्ये शांती सेनेलाच त्यांच्याविरुद्ध 'ऑपरेशन पवन' सुरू करावे लागले. ज्यांच्या रक्षणासाठी आलो त्यांच्याच मुलांशी लढायचे, हा पेच पहिल्या दिवसापासून प्रत्येक जवानाच्या वाट्याला आला.

त्या लढाईचे स्वरूप जवळून पाहिल्याशिवाय नंतरचा संकोच कळत नाही. ११ ऑक्टोबरच्या रात्री वाघांच्या नेत्यांना पकडण्यासाठी जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने कमांडो आणि शीख लाइट इन्फंट्रीच्या १३ व्या बटालियनचे तीस जवान उतरवले गेले. त्या तिसांपैकी एकच जिवंत राहिला, तोही शत्रूच्या हाती सापडून. जवानांच्या हाती जड अर्धस्वयंचलित रायफली होत्या, तर समोरच्या विशीतल्या पोरांकडे एके-४७. वाटेवर, मोरीखाली सुरुंग पेरलेले असत. नागरी वस्तीत जीवितहानी होऊ नये म्हणून आरंभी तोफा आणि विमाने यांच्या वापरावर कडक मर्यादा होती. देवळालीच्या विद्यालयात तोफखान्याचा मारा कुठे आणि किती करायचा याचे गणित शिकवले जाते. जाफन्यात मात्र मारा न करण्याचा हुकूम पाळायचा होता. महाराष्ट्रातून गेलेल्या जवानाला तमिळ येत नसे, त्यामुळे दारात उभी असलेली बाई भीतीने बोलते आहे की इशारा देते आहे, हेही त्याला उमगणे कठीण होते.

शौर्याची उणीव या लढाईत नव्हती. महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनमधील मेजर रामस्वामी परमेश्वरन हे जन्माने मुंबईचे, शिक्षणही मुंबईतच झालेले. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी शोधमोहिमेवरून परतताना कंतारोडईजवळ त्यांच्या तुकडीवर दबा धरून हल्ला झाला. त्यांनी शत्रूला पाठीमागून वेढा घातला, आणि हातघाईत छातीत गोळी लागल्यावरही समोरच्याची रायफल हिसकावून त्यालाच ठार केले. शेवटच्या श्वासापर्यंत ते आपल्या जवानांना हुकूम देत राहिले. 'ऑपरेशन पवन'मधले एकमेव परमवीर चक्र त्यांना मरणोत्तर मिळाले. १८९२-९३ च्या सुमारास इंग्रजांनी महारांची भरती बंद केली होती; ती पुन्हा खुली व्हावी यासाठी झालेल्या दीर्घ प्रयत्नांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा मोठा वाटा होता, आणि त्यांतूनच १९४१ साली बेळगावात ही रेजिमेंट उभी राहिली. लष्करातील जागा एवढ्या कष्टाने परत मिळवलेल्या समाजासाठी आपल्या पलटणीचे परमवीर चक्र हा मोठा ठेवा आहे. तरीही ज्या मोहिमेत ते मिळाले तिचे नाव सार्वजनिक समारंभात क्वचितच घेतले जाते.

याची कारणे रणांगणावर नाहीत, रणांगणाबाहेर आहेत. श्रीलंकेचे नवे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा यांनी शांती सेनेला देश सोडण्यास सांगितले आणि तिच्याशी लढणाऱ्या वाघांनाच शस्त्रे पुरवली. दिल्लीत सरकार बदलले. २४ मार्च १९९० रोजी शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली, आणि मद्रासच्या बंदरावर परतणाऱ्या फौजेच्या स्वागताला तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. अकराशेंहून अधिक सैनिक गमावून आलेल्या फौजेला आपल्याच किनाऱ्यावर मिळालेली ही वागणूक होती. पुढच्याच वर्षी श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली, तेव्हा या मोहिमेला देशाच्या स्मृतीत शोकाची आणि चुकीची अशी दुहेरी छाया चिकटली.

आणखी एक ओझे आहे, आणि ते टाळून लिहिणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ऑक्टोबर १९८७ मध्ये जाफन्याच्या रुग्णालयात शांती सेनेच्या गोळीबारात डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण मृत्युमुखी पडले. ऑगस्ट १९८९ मध्ये वल्वेट्टितुरई येथेही नागरिक मारले गेले. ज्या जवानाचा या घटनांशी संबंध नव्हता तोही 'लंकेत होतो' असे म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत 'तूही त्यात होतास का?' हा प्रश्न शोधतो. म्हणून आठवण काढावीशी वाटते ती सोबत्यांसाठी, आणि थांबावेसे वाटते ते या प्रश्नापाशी. या दोन्ही भावना एकाच माणसात खऱ्या असतात, आणि त्यांतली एक खोटी ठरवण्याचा आग्रह त्या माणसावर अन्याय करतो.

अधिकाऱ्यांनी आपली बाजू मांडली आहे. शांती सेनेचे सेनापती दीपिंदर सिंग आणि जाफन्यात ५४ व्या डिव्हिजनचे नेतृत्व केलेले सरदेशपांडे यांची पुस्तके १९९२ मध्येच निघाली, त्याच डिव्हिजनचे आधीचे प्रमुख हरकिरत सिंग यांचे २००७ मध्ये. ती सर्व इंग्रजीत आहेत, आणि त्यांत राजकीय आदेश, गुप्तवार्ता आणि वरिष्ठांचे निर्णय यांचा ऊहापोह असणे स्वाभाविकच आहे. नायक, हवालदार, वायरलेसवाला, ट्रकचालक यांची लढाई मराठीत उतरलेली नाही म्हटले तरी चालेल. स्मारकांचीही गत अशीच झाली. श्रीलंका सरकारने कोलंबोलगतच्या कोट्टे येथे, आपल्या संसदेजवळ, मृत भारतीय सैनिकांची नावे कोरलेले स्मारक २००८ च्या सुमारास उभारले. दिल्लीत या नावांना जागा मिळाली ती २५ फेब्रुवारी २०१९ रोजी उद्घाटन झालेल्या राष्ट्रीय समर स्मारकात, म्हणजे शेवटची तुकडी परतल्यानंतर जवळपास एकोणतीस वर्षांनी. मधल्या काळात वीरपत्नींनी तिथी घरातच पाळल्या आणि पलटणीतले सोबती आपापसांत भेटत राहिले.

सैनिकाचा सन्मान करण्यासाठी त्याला पाठवणाऱ्या धोरणाला बरोबर ठरवावे लागत नाही, आणि धोरणावर टीका करण्यासाठी सैनिकाला विसरावे लागत नाही. १९८७ साली विशी-पंचविशीत असलेले जवान आज साठीच्या आसपास पोहोचले आहेत. तोफखान्याच्या दोन संस्था ज्या जिल्ह्यात आहेत, त्या नाशिकमधील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आणि इगतपुरी, सिन्नर, निफाडच्या ग्रंथालयांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या मदतीने या माजी सैनिकांपर्यंत जावे, त्यांची इच्छा असेल तेवढेच विचारावे, जे सांगणार नाहीत ते सोडून द्यावे, आणि जे सांगतील ते त्यांच्याच मराठीत नोंदवून ठेवावे. हे काम आणखी दहा वर्षांनी हाती घेऊन चालणार नाही.