पोर मंडळीत घालताना



नाटक-सिनेमासाठी लहान मुलांची निवड व्हायची आहे अशी बातमी आली, की हल्ली पेडणे-डिचोलीकडचे आईबापही मुलांना नटवूनथटवून पणजी गाठतात. कोणी थेट मुंबईची वाट धरतात. हा प्रकार नव्या जमान्याचा म्हणून पुष्कळांना त्याचे नवल वाटते. वस्तुतः नवे आहे ते एवढ्या दूर जाऊन रांगेत उभे राहणे. मुलाचा गळा आणि चेहरा चारचौघांपुढे ठेवून त्याच्या भवितव्याचा कौल मागण्याची रीत आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे. तेव्हा तिला ‘पोर मंडळीत घालणे’ असे म्हणत.

पेडणे आणि डिचोली हे तालुके नव्या काबिजादींतले. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते पोर्तुगीज अंमलाखाली आले. तथापि देवळे, जत्रा आणि मराठी वाचन तेथे टिकून राहिले. कार्तिकी पौर्णिमेनंतर जत्रांचे दिवस आले की दशावतारी रात्र जागवीत. गवळणकाल्यात गावचीच मुले बाळकृष्ण आणि त्याचे सवंगडी होत. तेथे कोणी परीक्षा घेत नसे. मूल आधी मांडीवर बसून पाही, मग कडेला उभे राही आणि एके दिवशी मुकुट चढवी. चुकले तर गाव हसे आणि दुसऱ्या दिवशी विसरून जाई.

संगीत नाटक मंडळ्या आल्या आणि हे चित्र पालटले. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले. स्त्रियांनी रंगभूमीवर येणे तेव्हा शिष्टसंमत नव्हते. त्यामुळे शकुंतला आणि सुभद्रा व्हायला गोड गळ्याची, नाजूक चेहऱ्याची मुले हवी असत. मालक मुलाला चार ओळी म्हणावयास लावी, आवाज किती चढतो ते पाही, चाल न्याहाळी. पसंत पडले तर मूल मंडळीचे होई. जेवण, कपडे आणि तालीम मंडळीकडे. शाळा मात्र तेथेच सुटे. आणि मिसरूड फुटण्याच्या वयात आवाज फुटला, की ज्या गळ्यासाठी त्याला आणले तो गळाच राहत नसे. अशा वेळी ज्याच्याजवळ दुसरी विद्या नाही त्याने जावे कोठे?

केशवराव भोसले अगदी कोवळ्या वयात मंडळीत गेले आणि देवलांच्या ‘शारदे’ची भूमिका करून नावारूपाला आले. त्यांत एक विलक्षण योग आहे. कोवळ्या मुलीचे भवितव्य वडीलधारे परस्पर ठरवितात, हेच त्या नाटकाचे दुःख. आणि ते दुःख गाऊन दाखविणारे मूलही अशाच वयाचे, वडिलधाऱ्यांनीच रंगभूमीवर आणलेले! केशवरावांनी पुढे १९०८ साली ‘ललितकलादर्श’ काढली. १९२१ साली, उण्यापुऱ्या एकतिसाव्या वर्षी, ते निवर्तले.

आपल्या गोव्यातील दोन उदाहरणे अधिक जवळची आहेत. मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर १९१४ च्या सुमारास किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले आणि चारच वर्षांनी, १९१८ साली, सोबत्यांसह ‘बळवंत संगीत मंडळी’चे मालक झाले. दुसरे उदाहरण कुर्डीच्या मोगूबाईंचे. हा गाव आता साळावली धरणाच्या पाण्यात गेला आहे. मोगूबाईंचा जन्म १९०४ चा. मुलीच्या गळ्याचे चीज व्हावे म्हणून आई जयश्रीबाईंनी तिला चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळीत नेले. १९१४ साली आईच गेली. पुढे मोगूबाई सातारकर स्त्री संगीत मंडळीत भूमिका करू लागल्या. अल्लादिया खाँसाहेबांसारखा गुरू भेटला म्हणून त्या मुलीच्या गाण्याला दिशा मिळाली, आणि १९७४ साली पद्मभूषण झाले. अशी किती मुले मंडळीत गेली असतील की ज्यांना कोणी खाँसाहेब भेटले नाहीत! इतिहास त्यांची नावे राखीत नाही.

आम्हां ख्रिस्ती गोवेकरांचा तियात्रही याला अपवाद नव्हता. १८९२ साली मुंबईत झालेल्या पहिल्या तियात्राचे नावच ‘इतालियन भुरगो’. तेथेही प्रारंभी स्त्रीपात्रे पुरुषच करीत. १९०४ साली ‘बाटकारा’त रेजिना फर्नांडिस उभ्या राहिल्या तेव्हा तो पायंडा मोडला.

गरज हेही मुलांना कॅमेऱ्यापुढे नेणारे एक कारण होते. १९४२ च्या एप्रिलात दीनानाथ गेले आणि त्यांच्या थोरल्या कन्येला, लताबाईंना, बाराव्या-तेराव्या वर्षी ‘पहिली मंगळागौर’ या चित्रपटात उभे राहावे लागले. रंग फासून दिव्यांपुढे उभे राहणे आपल्याला मुळीच आवडत नसे, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. घर चालवायचे होते, म्हणून त्या उभ्या राहिल्या.

आज कायदा मुलाच्या बाजूने उभा आहे. बालमजुरीविषयीच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ साली नियम आले. चौदा वर्षांखालील मुलाकडून दिवसात पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही. विश्रांतीवाचून सलग तीन तासांहून अधिक नाही. शिक्षणात खंड पडता कामा नये. जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मिळकतीचा निदान पाचवा हिस्सा मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदतठेव म्हणून ठेवावा लागतो. आणि मुख्य म्हणजे, मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला कामास लावता येत नाही. केशवरावांच्या काळी हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

तरी कायदा मुलाच्या मनात डोकावू शकत नाही. ते काम शेवटी आईबापांचे. शिक्षक या नात्याने मी पालकांना एवढेच सुचवीन, की चाचणीला नेण्यापूर्वी मुलाला एकांतात विचारावे, आणि त्याने ‘नको’ म्हटले तर ते उत्तर म्हणून स्वीकारावे. निवड झाली नाही, तर परतीच्या वाटेवर त्या विषयाचा शब्द काढू नये. गावच्या जत्रेला न्यावे, काल्यात नाचू द्यावे. आणि निवड झालीच, तर त्याचे दप्तर बरोबर घ्यावे. गळा आणि चेहरा वयाबरोबर पालटतात. दप्तरातले मात्र त्याच्यापाशी राहते.