गालाला गाल

इंग्रजीत ‘चीक बाय जाउल’ असा एक जुना वाक्प्रचार आहे. ‘चीक’ म्हणजे गाल. ‘जाउल’ म्हणजेही गाल किंवा जबडा. गालाला गाल भिडावा इतकी जवळीक, हा त्याचा शब्दार्थ. व्यवहारात मात्र तो दाटीने शेजारी आलेल्या, पुष्कळदा परस्परांशी विसंगत अशा गोष्टींसाठी योजतात. आपण ‘खांद्याला खांदा लावून’ म्हणतो, तेव्हा त्यात एकदिलाने केलेले कार्य अभिप्रेत असते. या इंग्रजी वाक्प्रचारात केवळ अंतर मोजलेले असते, अंतःकरण नव्हे.

जुन्नर-आंबेगावच्या परिसरात अशा जवळिकीच्या तीन तऱ्हा दिसतात. जुन्नरच्या लेण्यांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ब्राह्मी शिलालेख आहेत. त्यांपैकी एकात इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दान दिल्याची नोंद आहे. परदेशी मुळाचा हा माणूस येथे दानाने जवळ आला. लेण्याद्रीवर सहाव्या क्रमांकाचे लेणे बौद्ध चैत्यगृह आहे. त्याला लागूनच, सातव्या लेण्यातील प्राचीन विहारात, अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज विराजमान आहे. ही जवळीक काळाने घडवली.

तिसरी तऱ्हा आपल्या काळजाला भिडणारी. आंबेगाव तालुक्यातील घोडेगावावरून पश्चिमेस गेले की सह्याद्रीच्या माथ्यावर भीमाशंकर लागते. तेथे शनिमंदिरासमोर एक जुनी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांच्या फौजेने वसई जिंकली. त्या विजयानंतर देशावरील देवळांत आलेल्या घंटांपैकी ही एक. तिला तेथे पाहून ख्रिस्ती मन क्षणभर कष्टी होते. परंतु वसई-साष्टीत पोर्तुगीज अमलाखाली देवळे पाडली गेली होती, हेही त्याच इतिहासाचे पान आहे. ते झाकून आपले दुःख सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ही जवळीक युद्धाने लादली.

संत लूकच्या शुभवर्तमानात शास्त्री विचारतो, “माझा शेजारी कोण?” प्रभू येशू उत्तरादाखल चांगल्या शोमरोनीचा दाखला सांगतो. त्यातील याजक आणि लेवी त्या जखमी माणसाजवळूनच गेले; शेजारी मात्र ठरला तो दया करणारा परका. इरिलाच्या टाक्यांतील पाणी पिणाऱ्यांना हे वेगळे सांगावे लागले नसते. आपल्या चाळीत, आपल्या गावात दाराला दार लागून आहेच. दान, काळ की युद्ध, यांपैकी कोणती जवळीक तेथे नांदावी, हे मात्र आपल्या हाती आहे.