दवाखान्यांतील लेखणी

गोंदियाहून पूर्वेकडे जाणारा लोहमार्ग सालेकशापुढें डोंगरांत शिरतो. तेथेंच दरेकसा हें लहानसें स्थानक आहे. जवळच गोंड समाजाचें कचारगड हें तीर्थ आहे. या गांवच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टरापुढें दोन गोष्टी असतात : रोगी आणि नोंदवही. या दोहोंतील ओढाताण मात्र जुनी आहे.

वाग्भटानें रोग्याच्या परीक्षेचीं तीन साधनें सांगितलीं : पाहणें, स्पर्श करणें आणि विचारणें. लेखणीचें नांव त्यांत नाहीं. ती आली ती मुख्यतः राज्यकारभाराच्या वाटेनें. जुन्या मध्यप्रांतांत गांवचा कोतवाल जन्ममृत्यूची वार्ता पोलीस ठाण्यांत कळवी, आणि त्यावरून सांथीचा माग लागे. इंग्लंडांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिनें १८६३ सालीं सर्व रुग्णालयांनीं एकाच पद्धतीनें आंकडे ठेवावेत, असा आग्रह धरला. १९४६ च्या भोर समितीनें चाळीस हजार वस्तीमागें एक आरोग्य केंद्र सुचविलें. १९५२ पासून अशीं केंद्रें उघडूं लागलीं, आणि त्यांच्यामागून तक्ते आले. १९५८ च्या हिंवतापविरोधी मोहिमेंत तापकऱ्याच्या रक्ताची कांच आणि तिची नोंद हीं जोडीनेंच चालत. या नोंदींनीं प्राण वांचविले, हें विसरतां कामा नये.

परंतु साधन कधीं कधीं धन्यावर स्वार होतें. अमेरिकेंत २०१६ सालीं सत्तावन डॉक्टरांच्या कामाचें निरीक्षण झालें. रोग्यासमोरच्या एका तासामागें जवळजवळ दोन तास नोंदी आणि मेजावरचें काम यांत जात होते. आपल्याकडील दुखणें निराळें आहे. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणींत भारतांत प्राथमिक तपासणीस सरासरी सुमारें दोनच मिनिटें मिळतात, असें आढळलें; स्वीडनमध्यें बावीस. येथें गर्दी हेंच मुख्य कारण असलें, तरी त्या दोन मिनिटांतून कागद जें घेतो तें रोग्याच्या वांट्याचेंच असतें.

पूर्व विदर्भांत याची किंमत विशेष आहे, कारण येथें सिकलसेल या रक्तविकाराचे रोगी बरेच आहेत. शिकागोच्या डॉ. हेरिक यांनीं १९१० सालीं या विकाराचें पहिलें सविस्तर वर्णन छापलें. तें शक्य झालें, कारण १९०४ मध्यें त्यांच्या सहकाऱ्यानें रोग्याची हकीगत ऐकून घेतली, रक्त तपासलें आणि तें टिपून ठेविलें. ऐकणें आणि लिहिणें यांचा तो खरा संगम होय.

भारत सरकारनें २०२३ सालीं सात कोटि लोकांच्या तपासणीचा संकल्प करून प्रत्येकास निष्कर्षाचें कार्ड देण्याचें योजिलें. पण आईबाप दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास विकार होण्याचा संभव चारांत एक असतो, ही गोष्ट नुसत्या कार्डावरून उमजेलच असें नाहीं. लग्न ठरविणाऱ्या घरास ती त्याच्या बोलींत, मग ती गोंडी कां असेना, उसंतीनें सांगावी लागते. हाडें दुखतात कीं मन धास्तावलें आहे, हेंही विचारल्यावांचून कळत नाहीं.

मग उपाय काय? नोंदी टाकून देणें खचित नव्हे. एकच माहिती चार वह्यांत लिहिण्याची चाल मोडावी, लेखनासाठीं वेगळा लेखनिक द्यावा, आणि पहिला प्रश्न विचारून होईपर्यंत डॉक्टरानें लेखणी खालीं ठेवावी. वाग्भटाच्या तिसऱ्या साधनास यापुढें निदान एवढा मान तरी मिळावा.