तक्रारीला नंबर मिळाला त्याची गोष्ट

रेवसला लाँचमध्ये बसलं की भाऊच्या धक्क्याला उतरायचं, आणि उतरल्या उतरल्या आपण मुंबई महापालिकेच्या हद्दीत. त्यामुळे आजची गोष्ट मुंबईची असली, तरी ती शेवटी आपल्या जेट्टीला येऊन लागणार आहे.

सुरुवात १८६५ पासून करू. आर्थर क्रॉफर्ड तेव्हा मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर झाले. कामं धडाक्यात केली, पण खर्चही तसाच. कर भरणारे भडकले, हिशेब मागायला लागले. त्यातून १८७२ चा कायदा आला. कॉर्पोरेशनमध्ये ६४ सभासद, त्यातले निम्मे करदात्यांनी निवडायचे. म्हणजे काही लोकांना मत मिळालं. पण दोन निवडणुकांच्या मधे गटार तुंबलं तर? कुणाला विचारायचं, किती दिवस थांबायचं? याचं लेखी उत्तर यायला सव्वाशे वर्षं गेली.

१९९७ साली निताई मेहता यांनी मुंबईत प्रजा फाउंडेशन सुरू केलं. १९९९ मध्ये या संस्थेने महापालिकेसोबत नागरिकांची सनद तयार केली. कोणतं काम कोणी करायचं आणि किती दिवसांत, ते कागदावर आलं. २००३ मध्ये दोघांनी मिळून ऑनलाइन तक्रार नोंदणी उभी केली.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे याला तिकीट म्हणतात. तिकिटाला नंबर असतो, तारीख असते, आणि ते कुणाच्या तरी नावावर असतं. साहेबांना तोंडी सांगितलेलं विसरता येतं, नंबर पडलेलं मोजता येतं. प्रजाने तेच केलं. माहिती अधिकारातून आकडे काढले, अहवाल छापले, नगरसेवकांची प्रगतिपुस्तकं काढली. हजेरी किती, प्रश्न किती विचारले, सगळं त्यात. हे अहवाल सगळ्यांना खुले. स्वतः आकडे गोळा करायला ज्यांच्याकडे माणसं नाहीत, पैसे नाहीत, अशा छोट्या संस्थांना हा मोठाच आधार.

पण आकड्यांनी सगळं सुटत नाही. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ मुंबईला नगरसेवकच नव्हते. मग प्रगतिपुस्तक काढणार कुणाचं?

आता आपल्या जेट्टीकडे. आपल्याकडे ना महापालिका, ना असं फाउंडेशन. तरी सनदेमागची कल्पना २०१५ मध्ये राज्याच्या कायद्यात आली. त्याचं नाव महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम. ग्रामपंचायतीतून मिळणारा जन्माचा दाखलासुद्धा त्यात येतो. ठरलेल्या मुदतीत सेवा द्यायचीच, नाही दिली तर अपील, आणि अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

म्हणून पुढच्या वेळी पंचायतीत "उद्या या" ऐकलंत, तर भांडू नका. अर्ज लेखी द्या, पोच मागा, तारीख टाकून घ्या. मुंबईकरांना यासाठी सव्वाशे वर्षं लागली, आपल्याला एक अर्ज पुरेल.

भेटू पुढच्या भागात!