मीठ, सोरा आणि सॉसेजचे विष

फ्रान्समध्ये किंवा इटलीत घरी पाहुणे आले, की जेवणाआधी पुष्कळदा एक लाकडी फळी टेबलावर येते. तिच्यावर खारवलेल्या मांसाच्या कागदासारख्या पातळ चकत्या असतात, सॉसेजचे काप असतात, तीन-चार प्रकारचे चीज असते. जोडीला पाव, व्हिनेगरमधल्या काकड्या, अंजीर किंवा द्राक्षे. मांस खारवण्याच्या, शिजवून टिकवण्याच्या कलेला फ्रेंच भाषेत 'शार्क्युटरी' म्हणतात. 'शिजवलेले मांस' या अर्थाच्या जुन्या शब्दांवरून हे नाव पडले. पॅरिसमधल्या या विक्रेत्यांच्या संघाचे नियम १४७६ सालचे आहेत.

फळी कशी सजवावी, यावर हल्ली बरेच लिहिले जाते. आपण मात्र वेगळा प्रश्न विचारू या. मांस आणि दूध हे माणसाच्या आहारातले सर्वांत लवकर नासणारे पदार्थ. उन्हाळ्यात सकाळचे न तापवलेले दूध दुपारपर्यंतही टिकत नाही. मग फळीवरचे हॅम वर्षभराचे आणि चीज दोन वर्षांचे कसे काय असू शकते? आणि जीवाणू नावाची काही गोष्ट आहे हे ठाऊक नसताना माणसाने हे कसे साधले? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला एक विष भेटेल, एक औषध भेटेल आणि अजून न संपलेला एक वादही भेटेल.

काटोची कृती

रोमन लेखक काटो याने इसवी सनापूर्वी सुमारे १६० मध्ये शेतीवर एक पुस्तक लिहिले. त्याच्या शेवटी डुकराची मांडी खारवण्याची कृती आहे. रांजणाच्या तळाशी मीठ पसरावे, त्यावर मांडी ठेवावी, पुन्हा मीठ, पुन्हा मांडी. पाचव्या दिवशी वरच्या मांड्या खाली आणि खालच्या वर कराव्यात. बारा दिवसांनी बाहेर काढून मीठ झटकावे आणि दोन दिवस वाऱ्यावर टांगावे. मग पुसून तेल चोळावे, दोन दिवस धुरात टांगावे, शेवटी तेल आणि व्हिनेगर चोळून कोठीत टांगावे. अशा मांसाला कीड लागत नाही, असे काटो सांगतो.

या कृतीतली प्रत्येक पायरी आज आपण समजावून सांगू शकतो. मीठ चोळले की परासरणाने मांसातले पाणी बाहेर येते आणि मीठ आत शिरते. आत उरलेले पाणीही मिठाने बांधले जाते, ते जीवाणूंना सहज वापरता येत नाही. वाऱ्याने आणखी पाणी उडते. धुरातली फिनॉलसारखी संयुगे पृष्ठभागावरच्या जीवाणूंना आणि बुरशीला आवरतात, तेलकट भाग खवट होऊ देत नाहीत. व्हिनेगर आम्लता वाढवते.

पदार्थात पाणी किती आहे यापेक्षा त्यातले किती पाणी जीवाणूंना उपलब्ध आहे हे महत्त्वाचे. ऑस्ट्रेलियातील डब्ल्यू. जे. स्कॉट यांनी १९५० च्या दशकात ही गोष्ट मोजमापाने पक्की केली. शुद्ध पाण्याची ही 'जलक्रियता' १ धरतात. बहुतेक उपद्रवी जीवाणू ०.९१ च्या खाली वाढू शकत नाहीत. स्टॅफिलोकॉकस हा चिवट जीवाणू ०.८६ पर्यंत तग धरतो. मधाची जलक्रियता ०.६ च्या आसपास असते, म्हणून मध वर्षानुवर्षे टिकतो. आपले लोणचे, पापड, सुकट आणि सुके बोंबील यांचे रहस्यही हेच.

चाळणीतले दूध

आता चीजकडे वळू. पोलंडच्या कुयाविया भागात सुमारे सात हजार वर्षांपूर्वीची, भोके असलेल्या मातीच्या भांड्यांची खापरे सापडली होती. ही चीज गाळायची भांडी असावीत, असा तर्क पीटर बोगुकी या पुरातत्त्वज्ञाने १९८० च्या दशकात मांडला. २०१२ साली ब्रिस्टल विद्यापीठातील मेलानी साल्क आणि रिचर्ड एव्हरशेड यांच्या गटाने त्या खापरांत मुरलेल्या स्निग्ध पदार्थांचे विश्लेषण केले. ती दुधाचीच स्निग्धांशे निघाली. तर्काला रसायनशास्त्राने पुरावा दिला.

या शोधाचा एक अर्थ फार सुंदर आहे. त्या काळच्या युरोपातील बहुतेक प्रौढ माणसांना दुग्धशर्करा पचत नव्हती. दूध फाडून साका वेगळा केला, की दुग्धशर्करा बहुतेक निवळीबरोबर निघून जाते. जी उरते तिचे जीवाणू लॅक्टिक आम्ल करतात. म्हणजे चीज हा दूध टिकवण्याचा उपाय होता, तसाच न पचणारे दूध पचवण्याचाही.

दूध दोन प्रकारे फाडता येते. लिंबू किंवा व्हिनेगर घालून पनीर होते, हे आपण घरी पाहतो. चीजसाठी बहुधा दूधपित्या वासराच्या, कोकराच्या किंवा करडाच्या जठरातले विकर वापरतात. त्याला रेनेट म्हणतात. दुधातल्या केसीन या प्रथिनाचे सूक्ष्म गोळे बाहेरच्या केसाळ आवरणामुळे एकमेकांपासून दूर राहतात. रेनेटमधले कायमोसिन हे विकर ते 'केस' कापते आणि गोळे एकमेकांना चिकटून दह्यासारखी लवचीक घडी तयार होते. ही घडी कापून, दाबून, खारवून तिच्यातले पाणी हवे तितके कमी करता येते. पार्मेसानसारख्या कठीण चीजमध्ये साधारण तीस टक्के पाणी उरते, तर ब्रीसारख्या मऊ चीजमध्ये जवळजवळ निम्मे. म्हणूनच पहिले वर्षानुवर्षे टिकते आणि दुसरे काही आठवड्यांत संपवावे लागते.

जठराऐवजी वनस्पतीही चालतात. रोमन लेखक कोलुमेल्ला याने पहिल्या शतकात अंजिराचा चीक आणि रानटी काटेरी फुले यांचा उल्लेख केला आहे. पोर्तुगालमधले सेरा दा एस्त्रेला हे चीज आजही अशाच एका काटेरी फुलाच्या केसरांनी जमवतात. १८७४ साली ख्रिश्चन हॅन्सन या डॅनिश रसायनतज्ज्ञाने ठरावीक शक्तीचे रेनेट तयार करून विकायला सुरुवात केली आणि चीज बनवणे अंदाजावरून मापावर आले. १९९० साली अमेरिकेने जनुकीय तंत्राने सूक्ष्मजीवांकडून बनवून घेतलेल्या कायमोसिनला मान्यता दिली. आज जगातले बरेचसे चीज वासराच्या जठराशिवाय बनते.

सोऱ्याचे कोडे

खारवलेल्या मांसाचा एक गुण चटकन डोळ्यांत भरतो, तो म्हणजे रंग. साधे मांस शिजवले की करडे-तपकिरी होते. हॅम मात्र गुलाबी राहते. खाटकांना एवढे ठाऊक होते, की मिठात थोडा सोरा मिसळला तर हा रंग येतो आणि मांसही जास्त टिकते. हाच सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, बंदुकीच्या दारूत लागतो. बिहारमध्ये नोनिया समाजाचे लोक तो मातीतून काढत. सतराव्या-अठराव्या शतकांत पाटण्याचा सोरा जहाजे भरभरून युरोपात जाई. प्लासीच्या लढाईनंतर, १७५८ साली, इंग्रज कंपनीने त्याची मक्तेदारीच मिळवली.

सोरा मांसात नेमके काय करतो? १८९१ साली एडुआर्ड पोलेन्स्के या जर्मन रसायनतज्ज्ञाला खारवणीच्या पाण्यात नायट्रेटपासून बनलेला नायट्राइट सापडला. हा बदल जीवाणू घडवतात. १९०१ साली जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी रंगाचे कोडे सोडवले: नायट्राइटपासून नायट्रिक ऑक्साइड वायू बनतो, तो मांसातल्या लोहयुक्त रंगद्रव्याला चिकटतो आणि शिजवल्यावर गुलाबी रंग टिकून राहतो. म्हणजे शतकानुशतके खाटीक ज्याला सोऱ्याचा गुण समजत होते, तो खरे तर नायट्राइटचा गुण होता. १९२५ साली अमेरिकेने मांसात थेट नायट्राइट घालण्याची परवानगी दिली.

सॉसेजमधला मृत्यू

पण प्रश्न केवळ रंगाचा नव्हता. १७९३ साली जर्मनीतल्या विल्डबाड गावी एकच सॉसेज वाटून खाल्लेली तेरा माणसे आजारी पडली. त्यांतली सहा दगावली. दृष्टी दुहेरी होणे, घसा कोरडा पडणे, गिळता न येणे आणि शेवटी श्वास थांबणे, अशी लक्षणे. शुद्ध मात्र अखेरपर्यंत शाबूत.

व्युर्टेम्बर्गमधल्या युस्टिनुस केर्नर या डॉक्टरने अशा घटनांचा पिच्छा पुरवला. तो कवीही होता. १८२० साली त्याने ७६ रुग्णांची हकिकत छापली आणि १८२२ पर्यंत ही संख्या १५५ वर नेली. विषारी सॉसेजचा अर्क त्याने प्राण्यांना दिला आणि थोडा स्वतःही चाखला. हवा न मिळालेल्या सॉसेजमध्येच विष तयार होते, हे त्याच्या ध्यानात आले. इतकेच नव्हे, तर अतिसूक्ष्म मात्रेत हे विष औषध म्हणून वापरता येईल, असेही त्याने सुचवले.

उत्तर मिळायला आणखी सत्तर-पंचाहत्तर वर्षे लागली. डिसेंबर १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एलझेल गावात एका अंत्ययात्रेला वाद्यवृंद बोलावला होता. वादकांनी न शिजवलेले खारे हॅम खाल्ले. त्यांतले तिघे मरण पावले. गेंट येथील एमिल व्हान एर्मेन्गेम यांनी उरलेल्या हॅमची आणि मृतांच्या अवयवांची तपासणी करून त्यांत एक जीवाणू शोधून काढला. हा जीवाणू प्राणवायू नसेल तेथेच वाढतो. १८९७ साली त्यांनी हे संशोधन प्रसिद्ध केले. सॉसेजला लॅटिनमध्ये 'बोटुलुस' म्हणतात. त्यावरून जीवाणूचे नाव बोटुलिनम आणि रोगाचे नाव बोट्युलिझम पडले. आज या जीवाणूला क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम म्हणतात.

आतड्याच्या पिशवीत मांस ठासून भरले की आत हवा राहत नाही. नुसते उकळूनही या जीवाणूचे बीजाणू मरत नाहीत. मिठाचे द्रावण सुमारे दहा टक्क्यांपर्यंत दाट असले किंवा पीएच ४.६ च्या खाली असला, तर तो वाढत नाही. पण इतके खारट किंवा आंबट मांस सर्वांना रुचत नाही. येथे नायट्राइट कामाला येतो. तो या जीवाणूची वाढ रोखतो. खाटकांनी रंगासाठी जपलेली सवय नकळत जीव वाचवत होती. आणि केर्नरची सूचना? १९८९ साली अमेरिकेने हेच बोटुलिनम विष तिरळेपणावरील औषध म्हणून मान्य केले.

दुसरा धोका

गोष्ट येथे संपली असती तर किती बरे झाले असते! पण १९५६ साली इंग्लंडमध्ये मॅगी आणि बार्न्स या संशोधकांना आढळले, की डायमिथिलनायट्रोसमीन या संयुगाने उंदरांच्या यकृतात कर्करोग होतो. नायट्राइट आणि प्रथिनांतली अमाइने यांच्यापासून या जातीची संयुगे बनू शकतात; तळताना ती वाढतात. १९७० च्या दशकात अमेरिकेत मोठा वाद झाला. १९७८ साली बेकनमध्ये नायट्राइटची मर्यादा दहा लाख भागांत १२० भाग इतकी ठरली आणि जोडीला 'क' जीवनसत्त्वाच्या जातीचे संयुग घालणे आवश्यक केले, कारण ते ही क्रिया अडवते. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने प्रक्रिया केलेले मांस कर्करोगजनकांच्या पहिल्या गटात टाकले. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची जोखीम सुमारे १८ टक्क्यांनी वाढते, असा तिचा निष्कर्ष होता.

येथे विद्यार्थ्यांच्या मनात एक गोंधळ हमखास होतो. तंबाखूही पहिल्याच गटात आहे, म्हणजे हॅम तंबाखूइतकेच घातक का? नाही. गट पुराव्याची खात्री सांगतो, धोक्याचे प्रमाण नव्हे. आणि '१८ टक्के वाढ' म्हणजे शंभरातल्या अठरा जणांना कर्करोग होतो असेही नव्हे. समजा, शंभरातल्या पाच जणांना एरवी हा रोग होणार असेल, तर रोज इतके मांस खाणाऱ्या शंभरांत तो सुमारे सहा जणांना होईल. टक्केवारीचा हा धडा गणिताच्या तासालाही घेता येईल.

मग नायट्राइट बंदच का करू नये? इटलीतले पार्मा हॅम आज केवळ डुकराची मांडी आणि मीठ यांपासून बनते. अखंड मांडी थंडीत ठेवून मीठ आतपर्यंत मुरू देतात आणि मग वर्षाहून अधिक काळ वाळवतात. तरीही तिचा रंग लालसर असतो. २००४ साली जपानी संशोधकांनी याचे कारण दाखवले: रंगद्रव्यातल्या लोहाची जागा जस्त घेते. परंतु ही पद्धत अखंड मांडीला, थंड हवेला आणि भरपूर वेळेला साजेशी आहे. कीमा करून भरलेल्या, कमी खारट, घाईने विकायच्या सॉसेजला ती जशीच्या तशी लागू पडत नाही. म्हणून मर्यादा हळूहळू खाली आणल्या जात आहेत. युरोपीय संघाने त्या २०२३ साली पुन्हा कमी केल्या.

आपल्या शेजारचे एक उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा जिंकला आणि त्यांच्याबरोबर सॉसेजची कृती आली. गोव्याच्या दमट हवेत मांस नुसते टांगून वाळणे कठीण. गोव्याच्या चोरीसमध्ये मिठाबरोबर माडाच्या ताडीचे व्हिनेगर, लसूण आणि अमेरिकेतून आलेली लाल मिरची पडते. मग उन्हाची आणि धुराची मदत घेतात. काटोच्याच पायऱ्या, फक्त आम्लाचे पारडे जड.

तेव्हा ही फळी, कोणी खावो वा न खावो, वर्गात शिकवण्याजोगी आहे. मीठ, आम्ल, धूर, वाळवण, थंडी आणि नायट्राइट हे सहा अडसर फळ्यावर लिहा. मुलांना घरातल्या टिकाऊ पदार्थांची यादी करायला सांगा आणि प्रत्येकापुढे कोणते अडसर लागू पडतात ते लिहू द्या. काकडीच्या दोन सारख्या चकत्या वजन करून घ्या. एकीला मीठ लावा, दुसरीला नको, आणि तासाभराने पाणी पुसून पुन्हा वजन करा. शेवटी एक प्रश्न चर्चेला ठेवा: आज मारणारा दुर्मिळ धोका टाळण्यासाठी वीस वर्षांनी येऊ शकणारा छोटा धोका किती पत्करावा? याचे उत्तर प्रयोगशाळा एकटी देऊ शकत नाही. पण आकडे समजून घेतल्याशिवाय ते कोणालाच देता येणार नाही.